१ किलो ६४० ग्रॅमची ‘ओरिजिनल’ क्रँक पुली

गाडीच्या नकली क्रँक पुलीपायी माझे २४,५०० रुपये गेले. त्यातले ९,८७० खऱ्या पार्टला लागलेच असते. उरलेले १४,६३० पाण्यात गेले, आणि तेही ५,१४० वाचवायला गेलो म्हणून. आकडे आधीच सांगून टाकतो. घरी हे कबूल करायलाच मला आठ दिवस लागले.

मी गाडीतलं काही कळत नसलेला माणूस नाही. १६ वर्षं मशिन शॉपमध्ये काढली आहेत. गाडीचं ऑइल, ब्रेक पॅड, बेल्ट हे सगळं मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः करतो. म्हणून तर जास्त जिव्हारी लागलंय.

गाडी २०१२ची डिझेल, १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेली. सकाळी स्टार्ट केली की बेल्टच्या बाजूने चिर्र चिर्र आवाज, आणि आयडलला, म्हणजे गाडी उभी पण इंजिन चालू असताना, स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर. पुढच्या चाकाच्या कमानीतून बॅटरी मारली तर क्रँक पुली डुलताना दिसत होती. ही नुसती पुली नसते. आत हब म्हणजे दांड्यावर बसणारा मधला भाग, बाहेर जड रिंग आणि दोघांच्या मध्ये चिकटवलेलं रबर. क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याला, इंधनाच्या प्रत्येक स्फोटाला जो पीळ बसतो, त्याची थरथर हे रबर आणि ही जड रिंग मिळून खातात. रबर वाळलं की रिंग हबवर सरकायला लागते. खात्री करायला बायकोच्या नेलपॉलिशने हब, रबर, रिंग अशी तिन्हींवरून एक सरळ रेघ ओढली. तीन दिवसांनी पाहिलं तर रेघ तुटून रिंगवरचा तुकडा अर्धा इंच पुढे गेलेला. तुमच्या गाडीत शंका असेल तर हे नक्की करा, फुकट आहे.

शोरूममध्ये पुली आणि नवा बोल्ट मिळून ९,८७० सांगितले. मग मी स्वस्तात पार्ट विकणाऱ्या ‘त्याला’ फोन केला. नंबर ओळखीतल्या एका गाडीवाल्याने दिला होता. त्याआधी मार्चमध्ये मी त्याच्याकडून ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर मागवले होते, ७४० रुपयांचे. ते अस्सल निघाले होते, मी शोरूमच्या फिल्टरशेजारी ठेवून पाहिले होते. म्हणजे मी काही आंधळेपणाने गेलो नव्हतो. आज कळतंय की ते ७४० चे फिल्टर म्हणजे गळाला लावलेलं आमिष होतं.

पुली ४,२००, बोल्ट ३५०, कुरिअर १८०. एकूण ४,७३०. यूपीआयला पैसे टाकताना स्क्रीनवर दुकानाचं नाव न येता कुणा भलत्याच माणसाचं नाव आलं. विचारलं, तर म्हणाला, “दादा, मेव्हण्याचं खातं आहे, जीएसटीची भानगड नको म्हणून.” जीएसटीची भानगड नको म्हणजे बिल नाही, आणि बिल नाही म्हणजे पुढे काहीच नाही. हे मला कळायला हवं होतं. पिन टाकण्याआधी नाव वाचा आणि ते जुळत नसेल तर तिथेच थांबा.

पाचव्या दिवशी खोका आला. कंपनीचा रंग, कंपनीचा होलोग्राम, पार्ट नंबर बरोबर.

आता तो क्षण, जो रोज रात्री डोळ्यांसमोर येतो. जुनी पुली काढून ओट्यावर वर्तमानपत्रावर ठेवली होती, नवी शेजारी. बायको केकच्या ऑर्डरी घेते, तिचा वजनकाटा तिथेच होता. तिने नवी पुली सहज बाजूला सरकवली आणि म्हणाली, “अहो, ही हलकी लागतेय.” मी काट्यावर ठेवली. जुनी २ किलो ३१० ग्रॅम. नवी १ किलो ६४०. ६७० ग्रॅमचा फरक! ज्या पार्टचं सगळं काम वजनावर चालतं, त्यात पाऊण किलोच्या जवळपास फरक, आणि मी काय म्हणालो? “नवीन डिझाइन असेल, कंपन्या हल्ली वजन कमी करतात.” हे मी बोललो, मशिन शॉपमध्ये १६ वर्षं काढलेला माणूस.

जुन्या रिंगच्या मागच्या बाजूला बॅलन्सिंगसाठी ड्रिलने मारलेली तीन भोकं होती, उथळ, वेगवेगळ्या खोलीची. नवीवर एकही नाही. रबर चिंगमसारखं चकचकीत आणि एका जागी रिंगच्या कडेबाहेर फुगून आलेलं. रिंगवरची खूण आणि हबमधला चावीचा गाळा (दांड्यावर जागा धरणारी खाच) यांची जागा जुन्या पुलीशी जुळत नव्हती, तर मी समजूत करून घेतली की जुन्याची रिंगच सरकलीय, ती कशी जुळणार. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार होतं. गाडी स्टँडवर, चाक काढलेलं, रविवारची दुपार, सोमवारी सकाळी ड्यूटी. अशा वेळी माणूस स्वतःलाच पटवतो. म्हणून सांगतो, जुना पार्ट काढण्याआधी नवा तपासा. गाडी उघडी पडली की डोळे मिटतात.

बसवण्यात माझी चूक झाली नाही, हे मी ठासून सांगतो, कारण नंतर सगळ्यांनी तेच बोट माझ्याकडे दाखवलं. पाचवा गिअर टाकून मुलाला ब्रेकवर बसवलं, पान्याला पाइप लावून बोल्ट सोडला. हबला धरणारा पुलर वापरला. बाहेरच्या रिंगला नखं लावून ओढलं की रबर तिथेच फाटतं, तसं मी केलं नाही. नवा बोल्ट टॉर्क पान्याने पुस्तकात दिलेल्या आकड्यापर्यंत आवळला आणि वर दिलेला कोन फिरवला.

अकरा दिवस आणि ६४० किलोमीटर. आईला घेऊन साताऱ्याला निघालो होतो. खेड शिवापूरच्या पुढे एकदम धाडकन आवाज झाला, बॅटरीचा लाल दिवा लागला, स्टिअरिंग दगडासारखं झालं. या इंजिनात पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर आहे. तापमानाचा काटा चढायच्या आत गाडी बाजूला घेतली, म्हणून इंजिनचं हेड वाचलं. बॉनेट उघडलं तर बेल्टच्या चिंध्या, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा पार्ट) वाकडा, आणि रिंग रबरापासून सुटून खालच्या कव्हरमध्ये पडलेली. हब मात्र बोल्टसकट जागच्या जागी घट्ट होता. हा माझा पुरावा आहे. मी आवळण्यात चुकलो असतो तर हब सैल झाला असता. मे महिन्याच्या उन्हात ७१ वर्षांची आई दीड तास रस्त्याकडेला पिशवीवर बसून होती.

टोइंग २,२००. बेल्ट १,१४०. टेन्शनर ३,२६०. अस्सल पुली आणि बोल्ट ९,८७०. मजुरी १,८००, कारण या खेपेला स्वतः हात लावायची हिंमत झाली नाही.

यात १,५०० अजून आहेत आणि त्यांची सगळ्यात जास्त लाज वाटते. त्याच संध्याकाळी मी त्याला फोन केला. तो गोड बोलला, “दादा, लॉटमध्ये प्रॉब्लेम होता, उद्याच रिप्लेसमेंट टाकतो, फक्त १,५०० डिपॉझिट लागेल, पार्ट परत आला की रिटर्न.” ज्याने एकदा लुटलं त्यालाच मी पुन्हा पैसे पाठवले. थकलो होतो, आई रडवेली झाली होती, काहीतरी सरळ व्हावं असं वाटत होतं. पैसे गेले आणि दहा मिनिटांत नंबर ब्लॉक.

त्यानंतरची कथा त्याहून संतापजनक. पोलीस ठाण्यात गेलो तर टेबलामागच्या साहेबांनी पहिलाच प्रश्न केला, “माल मिळाला ना तुम्हाला? मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जा.” मी म्हटलं, खोटा होलोग्राम लावून नकली माल अस्सल म्हणून विकणं ही फसवणूक नाही? तर म्हणाले, “तुम्ही स्वस्तातलं घ्यायला गेलात.” जणू गुन्हा मी केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तर ज्यांची ड्यूटी होती ते बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी साध्या कागदावर अर्ज घेतला, शिक्का मारायला चाळीस मिनिटं लावली, वर ऐकवलं की आरोपी दुसऱ्या राज्यातला दिसतोय, तिकडे जा. बँकेत मॅनेजर म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात, आमचा संबंध नाही. कुरिअरच्या ऑफिसात पाठवणाऱ्याचा पत्ता मागितला तर ‘प्रायव्हसी’. शोरूमवाला नकली पुली हातात घेऊन हसला आणि म्हणाला, आमच्याकडून घेतलेली नाही, आम्ही लेखी काही देणार नाही. चार दरवाजे, चार उत्तरं, आणि चारही जणांच्या मते दोष माझा. पगार कापून तीन रजा या हेलपाट्यांत गेल्या, त्या मी २४,५०० मध्ये धरलेल्याही नाहीत.

तुम्हाला असं परत पाठवलं तर मान खाली घालून निघू नका, मी निघालो होतो. खोटं सांगून पैसे काढून घेणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) मध्ये बसतं, जुनं ४२० तेच. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असं म्हणून तक्रार नाकारता येत नाही, आणि नाकारलीच तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली वरिष्ठांना लेखी पाठवता येते, पोस्टानेसुद्धा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन पैसे गेल्याच्या पहिल्या तासात करा. मी बाराव्या दिवशी केला, तोवर उशीर झाला होता. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. खोक्यावर उत्पादकाचा पूर्ण पत्ता आणि पॅकिंगचा महिना-वर्ष आहे का ते वाचा. माझ्या खोक्यावर महिनाच नव्हता, आणि छापील किंमत ५,९९० होती. शोरूममध्ये तोच पार्ट नंबर त्याहून कितीतरी महाग. होलोग्रामकडे बघत बसलो आणि किंमत वाचली नाही.

आणि खोका उघडताना व्हिडिओ काढा, काट्यावरच्या आकड्यासकट. माझ्याकडे वजनाचा फोटो नाही, ठाण्यात तेच विचारलं. बायकोचा काटा मी आता पिशवीत घेतलाय, दोन्ही पुल्या आणि सुटलेली रिंगही. वरिष्ठांना पोस्टाने अर्ज गेला आहे. सोमवारी पुन्हा ठाण्यात जातोय, त्यांच्या टेबलावरच वजन करून दाखवायला.