हंपी-दरोजी की बदामी-दांडेली? मुलं आणि आजी-आजोबांसह पाच दिवसांच्या सहलीचा हिशोब

जुनी देवळं आणि जंगल एकाच सहलीत बघायचं ठरवलं की पहिला पेच वेळेचा येतो. दगडी वास्तू बघाव्यात त्या सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर. मधल्या वेळात दगड तापतो, अनवाणी पाय भाजतात आणि वरून पडणाऱ्या उन्हात कोरीवकामही सपाट दिसतं. प्राणीही नेमके त्याच दोन वेळांना बाहेर पडतात. त्यामुळे एका दिवसात दोन्ही कोंबायला गेलं की एक काहीतरी हातचं जातं. पुणे, सोलापूर, कोल्हापूर भागातून गाडी काढणाऱ्यांनी उत्तर कर्नाटकातल्या या दोन जोड्या पारखताना आधी हेच बघावं: तिथलं जंगल आणि तिथले अवशेष एकमेकांची वेळ खातात की सोडतात.

पहिली जोडी म्हणजे हंपी आणि तिथून 15 किलोमीटरवरचं दरोजीचं अस्वल अभयारण्य. दुसरी म्हणजे बदामी, पट्टदकल, ऐहोळे आणि मग दांडेलीचं जंगल. दोन्ही पाच दिवस, चार रात्रींत नीट होतात. पुण्याहून धरलं तर दोन्हीकडे एकूण धाव बाराशे किलोमीटरच्या आसपास जाते, म्हणजे लिटरला 15 देणाऱ्या गाडीला 80 लिटर इंधन. तेव्हा खर्चावरून निवड होणार नाही. ती होते मुक्काम किती वेळा हलवायचा, गुडघे कोणाचे दुखतात आणि मुलांना प्राणी दिसलाच पाहिजे का, यावरून.

रस्ता

पुण्याहून हंपीला सोलापूर-विजापूरमार्गे जावं. होसपेटपर्यंत साधारण 560 किलोमीटर, चहा-जेवण धरून दहा-अकरा तास. एका दमात हे अंतर मुलांना जड जातं, म्हणून पहिली रात्र विजापुरात काढावी. ते पुण्यापासून साडेतीनशे किलोमीटरवर, म्हणजे निम्म्याच्या थोडं पुढे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी गोलघुमट उघडताच आत शिरावं. कुजबुज घुमणारी वरची गॅलरी ऐकायची ती शाळांच्या सहली यायच्या आत. नंतर नुसता आरडाओरडा घुमतो आणि मुलांना त्यातलं नवल कळतच नाही. जिना मात्र अरुंद आणि चढा आहे. विजापूर वाटेत घेण्याला दुसरंही कारण आहे. हंपी ही विजयनगरची राजधानी, आणि 1565च्या लढाईत विजयनगरला हरवणाऱ्या सुलतानांमध्ये विजापूरची आदिलशाही होती. आधी हे शहर बघून मग हंपीचे भग्न वाडे बघितले की मोठ्या मुलांना इतिहासाचा धागा आपोआप लागतो.

बदामी विजापूरपासून पुढे सव्वाशे किलोमीटरच आहे, त्यामुळे पुण्याहून एका दिवसात होते. वाटेत कोल्हारला कृष्णेवरचा लांबलचक पूल लागतो. तिथलं मडक्यातलं घट्ट दही प्रसिद्ध आहे, ते चुकवू नये. कोल्हापूरकरांसाठी गणित आणखी सोपं आहे: बेळगाववरून बदामी अडीचशे किलोमीटर, हंपी हुबळी-गदगवरून साडेतीनशेच्या थोडं वर.

दोन्हीकडे एक धोका सारखाच आहे. दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर येतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर उसाच्या पाल्याखाली झाकलेला असतो. अंधारात ती ट्रॉली अगदी जवळ गेल्यावरच दिसते. संध्याकाळी सहा-साडेसहाला मुक्कामी पोचायचं, हा नियम घालूनच घेतलेला बरा.

हंपी: सकाळ देवळांची, दुपार अस्वलांची

हंपीची खरी सोय इथे आहे. दरोजीचं अभयारण्य बघायचं ते दुपारनंतर, आणि सकाळ पूर्ण हंपीला मिळते. मुक्काम कमलापूरला असेल तर दोन्ही ठिकाणं हाकेच्या अंतरावर पडतात. तिथे कर्नाटक पर्यटन विकास महामंडळाचं मयूर भुवनेश्वरी आहे. होसपेटला हॉटेलं जास्त आहेत, पण रोज 12-13 किलोमीटर ये-जा वाढते. नदीपलीकडे सानापूर-अनेगुंदी भागात राहणं तरुणांना रुचतं. कुटुंबाला मात्र गाडी पुलावरून वळसा घालून आणावी लागते आणि त्यात सकाळची मोलाची पाऊण तास तरी वेळ जाते.

पहिल्या सकाळी विठ्ठल मंदिर. गाडी एक किलोमीटर आधीच थांबवावी लागते, पुढे बॅटरीवरच्या गाड्या. दहानंतर त्यांच्या रांगेत अर्धा-पाऊण तास सहज जातो, म्हणून आठच्या सुमारास तिथे असावं. तिकीट जपून ठेवा: त्याच दिवशी ते कमल महालाच्या आवाराला आणि कमलापूरच्या संग्रहालयालाही चालतं. पुरातत्त्व खात्याच्या स्थळांवर 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पण वयाचा पुरावा जवळ असू द्या. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. तिथे हंपीची मोठी प्रतिकृती मांडलेली आहे, ती आधी बघितली तर विखुरलेलं शहर डोळ्यांपुढे उभं राहतं.

दुसऱ्या सकाळी विरूपाक्ष आणि राजवाड्याचा भाग. विरूपाक्ष मंदिराच्या मागच्या बाजूला एका अंधाऱ्या खोलीत भिंतीतल्या फटीतून येणाऱ्या उजेडाने समोरच्या भिंतीवर गोपुराची उलटी प्रतिमा पडते. शाळेत सूचिछिद्र कॅमेरा शिकलेल्या मुलाला ती दाखवा आणि ‘उलटी का?’ हे त्यालाच सांगू द्या. राजवाड्याच्या आवारात उत्खननात सापडलेली पायऱ्यांची पुष्करणी आहे, काळ्या दगडाची, भूमितीच्या वहीत काढल्यासारखी रेखीव. तिच्या दगडांवर बारीक खुणा आणि अक्षरं कोरलेली आहेत: हा दगड कोणत्या दिशेचा, कितव्या ओळीतला. दगड दुसरीकडे घडवून इथे आणून जुळवले, हे त्या खुणांवरून कळतं. मार्गदर्शक घाईत असतील तर ते यावरून पुढे जातात, तेव्हा मुद्दाम थांबा.

आजी-आजोबांसाठी हंपी बरी. महानवमी दिब्बा, हजारराम, हत्तीखाना, कमल महाल या सगळ्यांजवळ गाडी जाते आणि जमीन बहुतांशी सपाट आहे. मातंग टेकडी आणि अंजनाद्रीच्या पावणेसहाशे पायऱ्या मात्र गुडघेदुखीवाल्यांनी सोडून द्याव्यात. देवळात चप्पल काढावी लागते, म्हणून प्रत्येकाला जाड मोजे असू द्या. माकडं हातातली प्लास्टिकची पिशवी बघून येतात. खाऊ पाठीवरच्या सॅकमध्ये आणि सॅकची चेन बंद, एवढं पाळलं की बहुतेक वेळा त्रास होत नाही. तुंगभद्रेत गोल टोपलीच्या नावेत बसायचं तर लाइफ जॅकेटशिवाय नाही. धरणातून पाणी सोडलं असेल तर बसूच नये.

आता दरोजी. 1994 साली घोषित झालेलं हे अभयारण्य 80 चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. ग्रॅनाइटच्या गोट्यांच्या टेकड्या, काटेरी झुडपं आणि दगडांमधल्या कपारी, म्हणजे अस्वलाचं खास घर. वनखात्याचे कर्मचारी दुपारी समोरच्या टेकडीवरच्या खडकांना गुळाचं गोड मिश्रण फासतात आणि अस्वलं ते चाटायला उतरतात. आपण निरीक्षण मनोऱ्यावर बसून बघायचं, जीपमधून पाठलाग नाही. म्हणूनच दिसण्याची शक्यता इथे दांडेलीपेक्षा कितीतरी जास्त. दुपारी अडीच-तीनपर्यंत मनोऱ्यावर जागा धरावी आणि पाच-साडेपाचपर्यंत शांत बसावं.

निराश होणारे लोक दोन कारणांनी होतात. एक, दुर्बीण नसते. अस्वलं बरीच लांब असतात, मोबाइलमध्ये काळा ठिपका येतो. 8 बाय 42ची (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) एक दुर्बीण सगळ्या घराला पुरते. दोन, चारलाच कंटाळून उठतात. पाच वर्षांच्या मुलाला दोन तास गप्प बसवणं कठीण असतं, त्याच्यासाठी चित्रकलेची वही न्या, आवाजाची खेळणी नकोत. हिवाळ्यात जन्मलेली पिल्लं पुढे आईच्या पाठीवर बसून फिरतात. असं पिल्लू पाठीवर वाहून नेणं अस्वलांमध्ये आपल्याकडच्या याच जातीची खासियत आहे, आणि ते दुर्बिणीतून दिसलं की मुलं कुजबुजतसुद्धा नाहीत. खडकांवर मोर, मुंगूस आणि नशीब असेल तर पेंटेड स्परफाउल हा लाजाळू पक्षीही येतो.

तरीही वाघ-सिंह हवेतच असा हट्ट असेल तर कमलापूरजवळ अटलबिहारी वाजपेयी प्राणी उद्यान आहे. गाडीतून सफारी मिळते, मंगळवारी बंद. ते जंगल नाही, पण लहान मुलांचं समाधान होतं.

बदामी-दांडेली: दोन वेगळ्या सहली, मध्ये चार तासांचा रस्ता

अवशेष जर खरोखर प्राचीन हवे असतील तर कौल बदामीकडे जातो. विजयनगरची स्थापना 1336ची, बदामीची लेणी सहाव्या शतकातली. तिसऱ्या लेण्यातल्या शिलालेखावर शके 500, म्हणजे इसवी सन 578 असा स्पष्ट काळ आहे. मराठी माणसाला तर इथे आणखी जवळचं काही सापडतं. ऐहोळेच्या मेगुती टेकडीवरच्या जैन मंदिरात रविकीर्ती या कवीचा 634चा शिलालेख आहे. त्यात बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याने उत्तरेतल्या सम्राट हर्षाला हरवल्याची हकीकत आहे, आणि तो 99 हजार गावांच्या तीन ‘महाराष्ट्रकां’चा स्वामी झाला असंही म्हटलंय. बहुतेक सहली दुर्ग मंदिर बघून परततात, मेगुतीची टेकडी चढत नाहीत. पंधरा मिनिटांची चढण आहे, चढा.

पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर चालुक्य राजा दुसऱ्या विक्रमादित्याच्या राणीने, लोकमहादेवीने, कांचीच्या विजयाप्रीत्यर्थ बांधवलं. वेरूळचं कैलास याच मंदिराच्या धर्तीवर घडलं असं अभ्यासक मानतात. वेरूळ आधी बघितलेलं असेल तर कैलासचा एखादा फोटो सोबत ठेवा आणि मुलांना साम्यं शोधू द्या. हिरवळीवर सगळी देवळं शेजारी-शेजारी, उत्तर भारतीय आणि दक्षिण भारतीय धाटणीची शिखरं एकाच आवारात. ज्येष्ठांसाठी या सगळ्या प्रवासातलं हे सर्वांत सोपं ठिकाण.

बदामीच्या लेण्यांचं तसं नाही. पहिल्या लेण्यापर्यंत साधारण चाळीस उंच पायऱ्या, पुढे तिसऱ्यापर्यंत आणखी बऱ्याच. गुडघे कुरकुरत असतील तर पहिल्या लेण्यातला अठरा हातांचा नटराज बघून खाली अगस्त्य तलावाकाठी बसावं. संध्याकाळी भूतनाथ मंदिरावर पश्चिमेचं ऊन पडतं तेव्हा ती बाजू अप्रतिम दिसते. इथली माकडं हंपीपेक्षा धीट आहेत.

क्रम असा बसतो: पहिला दिवस प्रवास, दुसऱ्या सकाळी ऐहोळे आणि पट्टदकल (बदामीपासून 35 आणि 22 किलोमीटर, आधी लांबचं), दुपारी चारनंतर लेणी. बनशंकरी पाच किलोमीटरवर, अनेक मराठी घरांची ती कुलदेवता. देवळाबाहेर गावातल्या बायका टोपलीतून ज्वारीची भाकरी, भाजी, शेंगाचटणी आणि दही विकतात, दुपारचं जेवण तिथेच करावं. पौषातल्या जत्रेच्या काळात मात्र खोल्याही मिळत नाहीत आणि रस्ताही.

तिसऱ्या दिवशी हुबळी-धारवाड-हल्याळमार्गे दांडेली, 170 किलोमीटरच्या आसपास, चार तास. तापलेली दुपार गाडीत जाते, म्हणजे वेळ वाया जात नाही. पण सामान बांधणं-सोडणं वाढतं, आणि लहान बाळ असेल तर तेच जाचतं.

दांडेलीबद्दल अपेक्षा आधीच नीट करून घ्यावी. काळी व्याघ्र प्रकल्पात वाघ आहेत, काळे बिबटेही आहेत. पण झाडी इतकी दाट की ते दिसणं फार दुर्मीळ. ताडोबाच्या हिशोबाने गेलात तर हिरमोड होईल. इथे जायचं ते धनेश (हॉर्नबिल) पक्ष्यांसाठी. राजधनेश आणि मलबारी कवड्या धनेश इथे सहज दिसतात, दांडेलीतल्या लाकूड डेपोच्या परिसरात तर सकाळीच. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तोंड लिंपून फक्त एक चीर ठेवते. नर दिवसभर फळं आणून त्या चिरेतून भरवतो. ढोलीचं झाड माहीत असलेला वाटाड्या मिळाला आणि लांब बसून अर्धा तास दिला तर हे सगळं समोर घडतं. गवे, शेकरू, सांबर हेही दिसण्यासारखे.

इथे फसगत होते ती सफारीत. काही रिसॉर्ट पॅकेजमध्ये ‘जंगल सफारी’ म्हणून कडेच्या रस्त्याने जीप फिरवून आणतात. वनखात्याची सफारी वेगळी, तिचं प्रवेशद्वार फणसोलीला. ‘वनखात्याची पावती मिळेल ना?’ हे पैसे भरण्याआधी विचारा. काळी नदीत मगरी आहेत, म्हणून रिसॉर्टच्या काठावर मुलांना पाण्यात उतरू देऊ नका. गणेशगुडीचं राफ्टिंग धरणातून सुटणाऱ्या पाण्यावर चालतं. लांब पल्ल्याला लहान मुलांना घेत नाहीत, त्यांना छोट्या फेरीवर भागवावं लागतं. पावसाळ्यात राफ्टिंग बंद आणि जंगलात जळवा.

मग कोणी काय घ्यावं

दहा वर्षांखालची मुलं, सोबत सत्तरीचे आजी-आजोबा, आणि प्राणी दिसायलाच हवा: हंपी-दरोजी. कमलापूरला तीन रात्री एकाच खोलीत निघतात आणि रोज गाडीत तासभरापेक्षा जास्त बसावं लागत नाही. मुलं बारा-तेराच्या पुढची, पक्ष्यांची किंवा इतिहासाची आवड असलेली, किंवा हंपी आधी झालेली: बदामी-दांडेली. कोल्हापूर-सांगलीकरांना परतीचा रस्ताही जवळचा पडतो. दांडेलीहून बेळगाव शंभर किलोमीटरच्या आत.

महिना निवडताना नोव्हेंबर ते फेब्रुवारी दोन्हीला उत्तम. एप्रिल-मेच्या सुट्टीतच जाणं भाग असेल तर हंपी नको. खडक रात्रीही ऊब सोडत राहतात आणि मुलं दुसऱ्या दिवशी खोलीबाहेर पडत नाहीत. त्या दिवसांत बदामीला एकच रात्र आणि दांडेलीच्या सावलीत तीन, अशी उलटी वाटणी करावी. बुकिंग करताना आधी वनखात्याच्या सफारीची जागा पक्की करा आणि मगच खोल्यांचे पैसे भरा.