घरचा माईक की स्टुडिओचे तास? लाखभर रुपयांत मराठी अल्बम काढताना

सहा गाणी, हातात साधारण एक लाख रुपये, आणि गाण्यांचे हक्क स्वतःकडेच ठेवायचे आहेत. एवढ्यावर नीट अल्बम निघतो. अडतं ते पैसे कुठे घालायचे यावर.

हिशेबासाठी स्टुडिओचा दर ताशी १,००० रुपये धरू. शहराप्रमाणे तो बराच कमी-जास्त होतो. घरच्या सेटअपसाठी दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी), बरा कंडेन्सर माईक (बारीक आवाजही टिपणारा), कान पूर्ण झाकणारा हेडफोन, स्टँड, पॉप फिल्टर (‘प’, ‘फ’चे हवेचे झोत अडवणारी जाळी) आणि केबल असं सगळं नवं घेतलं तर तीसेक हजार जातात. म्हणजे स्टुडिओचे तीस तास. रियाज पक्का असेल तर एका गाण्याचा आवाज चार तासांत होतो, सहा गाण्यांना २४ तास. म्हणून एकच अल्बम करायचा असेल तर सामान घेऊच नका. दरवर्षी काही ना काही काढणार असाल तर मात्र पुढच्या अल्बमपासून हा खर्च वसूल होऊ लागतो. सॉफ्टवेअरवर फार विचार नको: रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर साठ दिवस मोफत वापरून पाहता येतं आणि त्याचा सवलतीचा परवाना ६० डॉलरचा आहे.

गळा घरी

सेटअप असेल तर आवाज घरीच घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे. घड्याळाकडे लक्ष ठेवून गाताना तिसऱ्या टेकनंतर (टेक म्हणजे एकदा गाऊन केलेलं रेकॉर्डिंग) गळा आवळतो. घरी सकाळी नाही जमलं तर संध्याकाळी पुन्हा बसता येतं.

खोली मात्र नीट निवडावी लागते. माईकचं तोंड गायकाकडे असतं, त्यामुळे त्याला सर्वांत जास्त ऐकू येते ती गायकाच्या पाठीमागची भिंत. गाद्या आणि जाड गोधड्या तिथे लावा. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट पाठीशी असेल तर उत्तमच. अंड्यांचे ट्रे चिकटवण्यात वेळ घालवू नका, त्यांनी घुमणं थांबत नाही. पंखा आणि फ्रिज बंद, माईकपासून अंतर १५ ते २० सेंटीमीटर, आणि सर्वांत मोठ्या आवाजाला सॉफ्टवेअरच्या मीटरवर पातळी उणे १० डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास. घर रहदारीच्या रस्त्यावर असेल तर कंडेन्सर सगळा रस्ता टिपतो. तिथे शुअर एसएम ५८ सारखा डायनॅमिक माईक चार बोटांवर धरून गायलेलं बरं. हेडफोनमधला क्लिक (लय दाखवणारी टिकटिक) शक्य तितका बारीक ठेवा, नाहीतर ओळींमधल्या शांततेत टिकटिक ऐकू येते आणि ती नंतर काढणं जिकिरीचं असतं.

ताल स्टुडिओत

तबला, ढोलकी, पखवाज घरी घेऊ नका. फरशी आणि स्लॅबच्या हॉलमध्ये तबल्याची चाट (काठावरचा आवाज) कर्कश येते, आणि डग्ग्याचा घुमारा कोपऱ्यांत साचून काही बोल फुगतात, काही गायब होतात. पातळ फोम या खालच्या सुरांना अडवू शकत नाही. तबल्याला आणि डग्ग्याला वेगळा माईक लावला की दोघांचा फेज (दोन्ही माईकमधल्या ध्वनिलहरींचा मेळ) जुळवावा लागतो. तो चुकला तर डग्गा पोकळ वाजतो. हे स्टुडिओतला माणूस पाच मिनिटांत ऐकून दुरुस्त करतो.

वादकाला आठवडाभर आधी कच्चे ट्रॅक दिले तर सहाही गाणी एका दिवसात होतात: आठ हजार रुपये अधिक वादकाचं मानधन. शक्यतो पावसाळा टाळा. दमट हवेत चामडं सैल पडून सूर उतरतो, आणि दर टेकआधी हातोडी घेऊन सूर लावला नाही तर पहिला आणि पाचवा टेक जोडता येत नाही.

पेटी असेल तर सर्वांत आधी ती ट्यूनरवर तपासा. पुष्कळ पेट्या ४४० हर्ट्झच्या (सूर लावण्याच्या प्रचलित) मापावर तंतोतंत नसतात. पेटीचा सूर रेकॉर्डिंगच्या दिवशी बदलता येत नाही, म्हणून गिटार आणि कीबोर्ड तिच्याशी जुळवायचे. गाणं संपल्यावर हे लक्षात आलं तर सगळं परत वाजवावं लागतं.

मिक्सिंग (सगळे आवाज एकत्र बसवणं) करणाऱ्याला सर्व फाइल २४ बिट वेव्ह (WAV), एकाच सॅम्पल रेटवर (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा) आणि गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या द्या. ४८ किलोहर्ट्झची फाइल ४४.१ समजून उघडली तर गाणं संथ होतं आणि सूर जवळजवळ दीड पट्टी उतरतो.

मिक्सिंगमध्ये काटकसर नको. गाण्यामागे पाच हजार धरून तीस हजार बाजूला ठेवा आणि किती दुरुस्त्या मिळणार ते लेखी ठरवा. मास्टर, म्हणजे प्रकाशनाची अंतिम फाइल, उगाच मोठ्या आवाजाची करून घेऊ नका. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणून ठेवतंच.

प्रकाशन: वार्षिक की एकदाच?

गाणी स्पॉटिफायसारख्या ॲपवर पोचवणाऱ्या सेवा लागतात. डिस्ट्रोकिडसारखी सेवा वार्षिक शुल्कात हवी तितकी गाणी घेते, पण शुल्क थांबलं की जादा पैसे भरून कायम न केलेली गाणी उतरू शकतात. सीडी बेबी दर प्रकाशनाला एकदा शुल्क घेते आणि डिजिटल कमाईतले ९ टक्के ठेवते. वर्षाला चार-पाच सिंगल (एकेकटी गाणी) काढणाऱ्याला पहिली, एका अल्बमवाल्याला दुसरी सोयीची.

सहाही गाणी एकदम सोडू नका. स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम झाल्याशिवाय त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही, आणि स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट निवडणाऱ्या संपादकांकडे एका वेळी एकच गाणं पाठवता येतं, तेही प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी. दोन सिंगल महिन्याच्या अंतराने काढून मग अल्बम लावा. तीच आयएसआरसी (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) आणि तीच फाइल ठेवली तर सिंगलचे आकडे पुढे चालू राहतात. फाइल चार आठवडे आधी चढवा आणि गायकाच्या नावाचं रोमन स्पेलिंग प्रत्येक वेळी सारखं ठेवा. नाहीतर गाणं दुसऱ्याच कुणाच्या पानावर जाऊन बसतं.

कविता गाणार असाल तर हे रेकॉर्डिंगच्या आधीच बघा. भारतात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. बा. सी. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता २०१७ पासून मोकळ्या आहेत. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, तिथे २०५९ अखेरपर्यंत वारसांची किंवा हक्कधारकांची लेखी परवानगी लागेल. तुकोबांचे अभंग कुणीही गावेत, पण प्रसिद्ध झालेली चाल तिच्या संगीतकाराची असते. नवी चाल बांधा.