पाळणाघराचा परवाना आणि अनुदान मिळवून देण्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

घरगुती पाळणाघर चालवणाऱ्या महिलांना सध्या दोन गोष्टी सांगून गाठले जाते. आधी भीती घातली जाते की तुमच्याकडे शासनाचा परवाना नाही, तपासणी झाली तर टाळे लागेल. मग आशा दाखवली जाते की परवाना झाला की पाळणाघरांसाठी असलेल्या केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेतून लाखांचे अनुदान मिळेल. माझ्याकडून अशा रीतीने ६४,५०० रुपये उकळले गेले आणि त्याहून गंभीर म्हणजे माझ्याकडे येणाऱ्या मुलांची छायाचित्रे, जन्मदाखले आणि त्यांच्या पालकांच्या आधार कार्डांच्या प्रती त्या लोकांच्या हाती गेल्या. मी तालुक्याच्या गावात गेली अनेक वर्षे पाळणाघर चालवते. आमच्या भागातल्या आणखी काही जणींकडे हेच लोक जाऊन आल्याचे कळले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

२०२४ च्या पावसाळ्यात एक गृहस्थ पाळणाघरात आले. बोलणे अदबीचे, हातात फाइल, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी स्वतःला शासनमान्य सल्लागार म्हटले. ‘ताई, तुमचे काम चांगले आहे म्हणूनच मुद्दाम आलो,’ अशी सुरुवात करून त्यांनी जी माहिती सांगितली तिच्यातला मोठा भाग खरा होता, आणि या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत घातक वाटते ते हेच. पाळणा योजना खरोखर आहे. ती केंद्राच्या महिलांसाठीच्या मिशन शक्ती या कार्यक्रमातील ‘सामर्थ्य’ या भागात २०२२ पासून राबवली जाते. सहा महिने ते सहा वर्षे वयाची मुले, महिन्याचे २६ दिवस, दिवसाचे साडेसात तास, हे तिचे निकष त्यांना तोंडपाठ होते. केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के हेही त्यांनी बरोबर सांगितले. पूर्वी अशी पाळणाघरे स्वयंसेवी संस्थांना दिली जात आणि केंद्रीय समाजकल्याण मंडळामार्फत त्यांना पैसे मिळत, तोच कोटा आता खासगी पाळणाघरांना खुला झाला आहे, असे ते म्हणाले. या वाक्याचा पूर्वार्ध खरा होता आणि उत्तरार्ध धादांत खोटा. १ जानेवारी २०१७ पासून ती जुनी योजना राज्य सरकारांमार्फत राबवली जाऊ लागली. आता पाळणा योजनेचा मुख्य भर अंगणवाडीला जोडून चालणाऱ्या पाळणाघरांवर आहे. केंद्राचा निधी राज्याकडे येतो आणि तेथून शासकीय यंत्रणेमार्फत खर्च होतो. कोणी एजंट घरोघरी जाऊन अर्ज भरून घेतो आणि पाळणाघराच्या मालकिणीच्या खात्यात रोख रक्कम जमा होते, असे काही या योजनेत नाही.

पुढच्या भेटीत त्यांनी मोबाइलवर एक शासन निर्णय पाठवला. वर राजमुद्रा, खाली महिला व बाल विकास विभागाचे नाव, विषय, प्रस्तावना, ‘वाचा’ या शीर्षकाखालची संदर्भांची यादी, सगळे जेथल्या तेथे होते. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाच्या शेवटी एक ठरावीक परिच्छेद असतो, की हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे आणि तो डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित करून काढण्यात येत आहे. तोही परिच्छेद त्यात होता. हा लांबलचक संकेतांक सहसा कोणी वाचत नाही, पण त्यातले पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस असतात. माझ्याकडच्या कागदावर वरच्या बाजूला जून २०२४ मधली तारीख होती आणि संकेतांकाची सुरुवात मात्र २०१९ ने होत होती. शासनाच्या संकेतस्थळावर हा संकेतांक टाकल्यावर भलत्याच विभागाचा, बदल्यांसंबंधीचा निर्णय समोर आला. जुन्या कागदाचा मजकूर पुसून त्यावर नवा मजकूर बसवलेला होता. कोणी शासन निर्णय दाखवला तर त्याचे छायाचित्र किंवा पीडीएफ प्रमाण न मानता संकेतस्थळावर संकेतांक टाकून तो स्वतः उघडून पाहावा.

नोंदणी शुल्क म्हणून १२,००० रुपये घेतल्यावर त्यांनी जो ‘परवाना’ आणून दिला तो रंगीत, लॅमिनेट केलेला आणि क्यूआर कोड असलेला होता. क्यूआर कोड स्कॅन केला की केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर माझे नाव येत असे, त्यामुळे त्या कागदाच्या खरेपणाबद्दल शंका घ्यायला जागाच राहिली नाही. तो कागद खराच होता, फक्त परवाना नव्हता. ते लहान उद्योगांसाठी असलेल्या ‘उद्यम’ नोंदणीचे प्रमाणपत्र होते. ही नोंदणी कोणालाही स्वतःच्या घोषणेवर ऑनलाइन करता येते, तिला एक पैसाही शुल्क नाही, आणि मुले सांभाळण्याच्या परवानगीशी तिचा संबंध नाही. ‘अन्न परवाना’ म्हणून ७,५०० रुपये वेगळे घेतले. मुलांना जेवण शिजवून देणाऱ्या लहान व्यावसायिकासाठी अन्न सुरक्षा कायद्याखाली जी साधी नोंदणी असते तिचे शुल्क त्या वेळी वर्षाला १०० रुपये होते. दुकाने व आस्थापना कायद्याखालची पावतीही त्यांनी मोठ्या मेहनतीने मिळवल्याचे भासवले. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार त्या वेळी दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागत होती, आणि माझ्याकडे मी व एक मदतनीस एवढ्याच आहोत.

त्यानंतर ‘तपासणी’ झाली. एक बाई आणि एक तरुण दुपारी मुले झोपलेली असताना आले. तरुणाने टेप लावून खोलीची लांबी-रुंदी मोजली, बाईंनी नोंदवहीत दारे-खिडक्या, पाण्याची टाकी, शौचालयाची कडी असे एकेक लिहून घेतले. खिडकीचा एक गज सैल होता तो त्यांनी हलवून दाखवला आणि तो त्रुटी म्हणून नोंदवला. इतक्या बारकाईने कोणी पाहत असेल तर तो माणूस शासनाचाच असणार, असे कोणालाही वाटेल. त्रुटी दूर करण्यासाठी त्यांच्याकडूनच ९,००० रुपयांचा ‘मान्यताप्राप्त संच’ घ्यावा लागला. त्यात एक प्रथमोपचार पेटी, एक लहान अग्निशामक आणि भिंतीवर लावायचे तक्ते होते. अग्निशामकावर भरल्याची तारीखच नव्हती. ज्या वस्तूवर लहान मुलांचा जीव अवलंबून राहू शकतो ती वस्तू अशी निकामी विकण्याचे धाडस माणसाला होते, याचा मला आजही संताप येतो.

त्याच दिवशी ‘लाभार्थी यादी’साठी मुलांची छायाचित्रे, जन्मदाखले आणि आईवडिलांच्या आधारच्या प्रती मागितल्या गेल्या. पोषण ट्रॅकरवर नोंद केल्याशिवाय अनुदान निघत नाही असे कारण देण्यात आले. पोषण ट्रॅकर हे मुलांच्या पोषणाच्या नोंदी ठेवणारे शासनाचे खरे ॲप आहे, पण त्यात नोंद करण्याचे काम अंगणवाडी सेविका करतात. दोन पालकांना तर फोन करून ओटीपीही मागण्यात आला. त्यांपैकी एका वडिलांनी तो दिला नाही आणि ‘काकू, हे लोक नक्की कोण आहेत?’ असे मला विचारले. या प्रकाराला पहिला अडथळा त्यांच्या या प्रश्नाने आला.

मात्र तोपर्यंत शेवटची रक्कम गेली होती. दोन लाखांचे अनुदान मंजूर झाले असून त्यावर १८ टक्के जीएसटी आगाऊ भरल्याशिवाय कोषागारातून रक्कम सुटणार नाही, असे पत्र आले होते आणि ३६,००० रुपये यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यावर पाठवायला लावले होते. शासन जेव्हा कोणाला पैसे देते तेव्हा काही कपात असेल तर ती त्याच रकमेतून करते. अनुदान घेणाऱ्याने आधी स्वतःच्या खिशातून खासगी खात्यावर पैसे भरावेत अशी कोषागाराची कोणतीही पद्धत नाही.

मी सगळे कागद घेऊन बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेले. तेथील मुख्यसेविकांनी कागद पाहताच सांगितले की त्यांच्या कार्यालयातून असा कोणताही प्रस्ताव गेलेला नाही आणि तपासणीला कोणालाही पाठवलेले नाही. हे कार्यालय पंचायत समितीच्या ठिकाणी किंवा शहरात प्रकल्पनिहाय असते. पाळणा योजनेबद्दल जे काही विचारायचे ते तेथे किंवा जिल्हा परिषदेच्या बाल विकास विभागात विनाशुल्क विचारता येते. ‘आमच्या ओळखीने काम लवकर होईल, कार्यालयात गेलात तर फाइल अडेल,’ असे एजंट सांगत असेल तर त्याचा अर्थ एवढाच की तुम्ही कार्यालयात जाणे त्याला परवडणारे नाही.

त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तपशील भरला. तेथे यूपीआय व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक लागतो. मोबाइलमधला व्यवहार पुसला असेल तरी बँकेच्या खातेउताऱ्यात तो सापडतो. शेवटच्या रकमेपैकी काही भाग समोरच्या खात्यात शिल्लक होता, तो गोठवला गेला आणि न्यायालयाच्या आदेशाने परत मिळण्याची प्रक्रिया चालू आहे. आधीच्या रकमा रोखीने दिलेल्या असल्यामुळे त्यांचा माग लागलेला नाही. पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची आणि बनावट शासकीय कागदपत्रांची तक्रार दिली आहे.

पालकांना एकत्र बोलावून सर्व काही सांगितले. ते ऐकताना काही जण रागावले आणि त्यांचा राग रास्त होता, कारण त्यांनी कागद मला विश्वासाने दिले होते. आम्ही मिळून प्रत्येकाच्या आधारचे बायोमेट्रिक लॉक केले आणि आधारच्या संकेतस्थळावर मागच्या सहा महिन्यांत कोठे कोठे प्रमाणीकरण झाले ते तपासले. सुदैवाने अनोळखी नोंद सापडली नाही. यापुढे कोणाला प्रत द्यायचीच झाली तर शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क केलेले आधार द्यावे, असे आम्ही ठरवले आहे. मुलांच्या छायाचित्रांचे काय झाले, हे मात्र अजून कळलेले नाही.

ज्या महिलांकडे असेच लोक येऊन गेले असतील त्यांनी रक्कम लहान आहे म्हणून तक्रार टाळू नये. मिळालेली पत्रे, लॅमिनेट केलेली प्रमाणपत्रे आणि मोबाइलवरचे संदेश फाडू किंवा पुसू नयेत. प्रत्येकीने आपापल्या पोलीस ठाण्यात स्वतंत्र तक्रार द्यावी आणि तिच्यात त्या माणसांचे फोन क्रमांक व ज्या खात्यावर पैसे गेले ते क्रमांक आवर्जून लिहावेत. तेच क्रमांक दुसऱ्या तालुक्यातल्या तक्रारीत आढळले तरच ही सर्व प्रकरणे एका टोळीची आहेत हे तपास अधिकाऱ्यांपुढे मांडता येईल.