फ्रोझन शोल्डर, फिजिओ आणि दाराला टांगलेली पुली: सहा महिन्यांनंतर

काल संध्याकाळी व्यायाम करताना पुलीचं प्लास्टिकचं चाक तडकलं आणि दोरी खाली आली, म्हणून लिहायला बसले. ४५० रुपये घेतले, सहा महिनेसुद्धा टिकली नाही, आणि दुकानदार म्हणतो याला गॅरंटी नसते. अहो पण दुखरा हात वर टांगलेला असताना ती तुटते!

दिवाळीआधी उजवा खांदा धरला. आधी नुसता दुखायचा, त्या कुशीवर झोपताच यायचं नाही, मग हात मागे जाईना, वेणी घालता येईना, ब्लाउजचे हुक लेकीकडून लावून घ्यायचे. एक्सरे नॉर्मल. मला शुगर आहे आणि शुगरवाल्यांना हे फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांदा आखडणं, जास्त होतं हे तेव्हा कळलं. सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आवळतं, त्यामुळे दुसऱ्याने उचलला तरी हात वर जात नाही.

नाशिकला सिडकोत घराजवळ एका फिजिओकडे दहा सेशनचे ३५०० आधीच भरले, ही चूक. रोज करंटच्या मशीनचे चार पॅड चिकटवायचे, पंधरा मिनिटं मुंग्या, की उठा. एकदाही हात उचलून कोणी बघितला नाही. आठव्या दिवशी विचारलं व्यायाम कधी, तर म्हणे आधी दुखणं कमी होऊ दे. मी सोडलं, उरलेल्या दोन सेशनचे ७०० परत दिले नाहीत. त्याचा राग अजून आहे.

मग गंगापूर रोडला एका मॅडमकडे गेले. त्यांनी पहिल्या दिवशी कोनमापकासारखी पट्टी लावून मोजलं. हात समोरून वर ९५ अंश (चांगला हात १७० च्या वर जातो), आणि कोपर अंगाला चिकटवून बाहेर फिरवला तर जेमतेम १५. वहीत लिहून ठेवलं. शेक, मग त्यांच्या हाताने सांधा हलवणं, मग व्यायाम: वाकून हात लोंबता सोडून झोके, भिंतीवर बोटं चालवत वर नेणं, पोछ्याच्या दांड्याने हात बाहेर ढकलणं, आणि पुली, म्हणजे चांगल्या हाताने ओढायचं की दुखरा आपोआप वर. मॅडमचा नियम असा की करताना थोडं दुखलं तर चालेल, पण तास-दोन तासांत उतरलं पाहिजे, रात्रभर ठणकलं तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं.

मशीनबद्दल मात्र माझं मत बदललं. सगळ्यांना सांगत सुटले होते की ही पैसे काढायची वस्तू आहे. जानेवारीच्या थंडीत दुखणं परत वाढलं तेव्हा मॅडमनी तेच पॅड लावले, पण काढल्या काढल्या लगेच व्यायाम करून घेतला, आणि त्या दिवशी हात खरंच सहज गेला. दुखणं थोडा वेळ दबतं तेवढ्यात हात हलवून घ्यायचा, एवढंच त्याचं काम. नुसतं मशीन लावून घरी पाठवतात त्यांना पैसे देऊ नका. आणि डिग्री विचारा, बीपीटीएच ही फिजिओथेरपीची पदवी, तिला काही वर्षं शिक्षण आणि वर इंटर्नशिप असते, विचारण्यात लाज कसली.

आता वर १५५, बाहेर ४५. वेणी घालते, हुक अजून नाही. पूर्ण सुटायला वर्ष-दोन वर्षंही लागतात, तेव्हा महिन्यात बरं करतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

आज दुपारी मेन रोडवरून लोखंडी कप्पी आणली, ९० रुपये, नायलॉनची दोरी वेगळी. ह्यांनी चौकटीला हुक ठोकून बसवली. वीसदा ओढून बघितलं, कुरकुरते, पण घट्ट आहे. संध्याकाळी शिलाई मशीनचं तेल घालते.