नागीण उठल्यावर असायक्लोव्हिर घ्यावं की व्हॅलासायक्लोव्हिर?

गोव्यात फोंडा-डिचोलीकडे नागीण उठली की आधी गेरूचा लेप लागतो, आणि विळखा पुरा झाला तर माणूस दगावतो ही भीती घरभर पसरते. भीती निराधार आहे. लेपात जाणारे दोन दिवस मात्र महागात पडतात, कारण पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत यातली विषाणूविरोधी गोळी सुरू झाली तर ती सर्वांत जास्त उपयोगी पडते.

दोन्ही गोळ्यांतून शेवटी रक्तात काम करतं ते असायक्लोव्हिरच. व्हॅलासायक्लोव्हिरमध्ये त्याला व्हॅलिन हे अमिनो आम्ल जोडलेलं असतं. प्रथिनांचे बारीक तुकडे आत ओढणारे आतड्यातले वाहक त्यालाही ओढून घेतात. मग आतड्यातली आणि यकृतातली विकरं (एन्झाइम) व्हॅलिन तोडून टाकतात. अशा रीतीने सुमारे ५४ टक्के औषध रक्तात पोचतं; नुसतं असायक्लोव्हिर घेतलं तर जेमतेम १० ते २० टक्के. म्हणूनच असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा घ्यावं लागतं, व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम तीन वेळा.

पाच वेळा म्हणजे सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. बागायतीत किंवा दुकानावर असलेल्या माणसाची दुपारची गोळी हमखास राहते, आणि रक्तातलं औषध तर तीनेक तासांत निम्म्यावर येतं. असायक्लोव्हिर स्वस्त आहे, तरी परवडत असेल तर मी व्हॅलासायक्लोव्हिरच घ्या म्हणेन. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या, पन्नाशीपुढच्या रुग्णांवरच्या चाचणीत त्याने दुखणंही लवकर थांबलं: साधारण ३८ दिवसांत, असायक्लोव्हिरने ५१.

मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्र यातली कुठलीही गोळी जास्त सुरक्षित नाही. दोन्हींचं औषध मुख्यतः लघवीवाटेच बाहेर पडतं. ते साचलं की म्हातारं माणूस बरळायला लागतं, भास होतात, आणि घरच्यांना वाटतं वयामुळे झालं. मधुमेही आई-वडिलांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळणारी रक्ततपासणी) पाहिल्याशिवाय डोस ठरवून घेऊ नका, आणि सोबत फार्मसीतून स्वतःच्या मनाने डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी आणू नका. मूत्रपिंडावरचा ताण त्याने वाढतो. गोव्याच्या उन्हाळ्यात घाम भरपूर जातो, तेव्हा डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर पाणी वाढवा.

पुरळ डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल तर गोळ्यांची तुलना करत बसू नका, त्याच दिवशी बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत) डोळे दाखवा.