जबड्यात बोटॉक्स: १३,५०० रुपये गेले अन् तोंडही वाकडं झालं

झोपेत दात खायची सवय मला जुनीच. सकाळी जबडा आवळलेला, कानशिलं ठणकतात, दोन दाढा झिजल्या. मे महिन्यात तालुक्याच्या मंगल कार्यालयात शिबिर लागलं. जबड्याच्या स्नायूत बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन, घ्या, आयुष्यभराची कटकट मिटते म्हणे. नोंदणी ५००, एका बाजूचे ६,५००, एकूण १३,५००. बियाण्यासाठी ठेवलेले होते. चेहरा बारीक करायला गेले नव्हते, हे आधीच सांगते. गावात तीच चर्चा आहे.

पुढचं लिहायची लाज वाटते. मी गावची आशा सेविका आहे. लसीचा बर्फाचा डबा माझ्या रोजच्या डोळ्यांपुढचा. उष्णतेनं कुपीवरचा चौकोन काळा पडला की लस फेकायची, हे मला झोपेत विचारा. बोटॉक्सची कुपीही २ ते ८ अंशांतच ठेवतात, आतली भुकटी सलाईनमध्ये कालवून मग टोचतात. त्या माणसानं स्टीलच्या जेवणाच्या डब्यातून भरलेली सिरिंज काढली! बाहेर आग ओकणारं ऊन. सिरिंज गालाला टेकली तर कोमट. "कायले घाबरता ताई, मुंगी चावल्यावानी वाटते." 'कुपी दाखवा' एवढं तोंडातून निघालं नाही. मागे गावच्या दोघी उभ्या होत्या, त्यांच्यापुढे अडाणी दिसायचं नव्हतं. तुम्ही दिसा अडाणी. कुपी तुमच्यासमोर फोडायला लावा, बॅच नंबरचा फोटो काढा.

आठव्या दिवशी भाकर चावेना. डावीकडे चावताना आवळ्याएवढा गोळा वर यायचा, उजवीकडचा ओठ हसताना हलेना. नवरा म्हणाला, "तोंड वाकडं कायले करून राह्यली?" लकवा समजून रात्रीच गाडी केली, २,८०० रुपये. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, लकवा नाही, औषध हसायच्या स्नायूपर्यंत पसरलं. उतारा नाही, तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरेल. म्हणजे 'आयुष्यभर' तिथेच खोटं. गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर मात्र घरी बसू नका.

मग तक्रारी. आरोग्य कार्यालय म्हणे खासगी शिबिर आमच्याकडे येत नाही. औषध प्रशासनवाले म्हणे बॅच नंबर आणा. डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्यांना विचारलं तर म्हणे टोचणाऱ्याचा नोंदणी क्रमांक आणा. अहो, तो असता तर तुमच्या दारी कशाला आले असते? ठाण्यात हवालदार म्हणाला, "तुम्हीच टोचून घेतलं ना, ताई?" पावती मागितली. माझ्याकडे फक्त पैसे गेल्याचा मेसेज, त्यावर नाव मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानाचं. तेव्हाच, स्कॅन करताना, वाचलं होतं मी ते.

त्या दोघींपैकी एकीला अजून चावता येत नाही. तक्रारीवर सही कर म्हटलं, तर घरी माहीत नाही म्हणते.