रीपरमध्ये मिडी संपादन: काही महिन्यांच्या वापरानंतर

रीपर हे ध्वनिमुद्रण-संपादनाचं सॉफ्टवेअर. त्याचा मिडी एडिटर, म्हणजे कोणता सूर कधी आणि किती वेळ वाजवायचा याच्या नोंदी (मिडी) दुरुस्त करण्याची जागा, पहिल्या दिवशी रुक्ष वाटतो. मेनू लांबलचक, रंग फिके. पण तबला-ढोलकीचे ठेके आणि पेटीच्या ओळी रोज दुरुस्त करायच्या असतील, तर एवढ्या किमतीत इतकी बारीक पकड देणारं दुसरं सॉफ्टवेअर मी पाहिलेलं नाही. 60 दिवस पूर्ण क्षमतेने वापरून पाहता येतं. सवलतीचा परवाना 60 डॉलरचा आहे.

सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे क्वांटाइझची, म्हणजे पुढे-मागे पडलेल्या नोटा ग्रिडच्या (काळाच्या समान खुणांच्या) जागी ओढण्याची खिडकी. स्ट्रेंग्थ, म्हणजे ओढण्याचं प्रमाण, 100 टक्के ठेवली की प्रत्येक बोल ग्रिडला चिकटतो आणि ठेका निर्जीव होतो. 60 ते 70 टक्क्यांवर वाजवणाऱ्याची लय शिल्लक राहते, चुका तेवढ्या सावरल्या जातात. आधी ग्रिड नीट निवडा. तिस्र जातीत, म्हणजे मात्रेचे तीन समान भाग करून वाजवलेला ठेका साध्या 1/16 ग्रिडवर ओढलात तर आघात भलत्याच जागी बसतात. तिथे ट्रिप्लेट (तीन भागांचा) ग्रिडच हवा. नोटा एकमेकींवर चढू नयेत यासाठीचा पर्यायही त्याच खिडकीत आहे, तो चालू ठेवा. एकाच सुराच्या दोन नोटा एकमेकींवर आल्या, की पहिलीचा शेवट दुसरीलाही तोडतो.

तालवाद्यांसाठी डावीकडच्या कीबोर्डवर डबल-क्लिक करून पट्ट्यांना ‘ना’, ‘तिं’, ‘गे’ अशी नावं द्यावीत आणि न वापरलेल्या ओळी लपवाव्यात. काम निम्म्याने हलकं होतं.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, काढताना मात्र गणित समजून घ्यावं लागतं. पिच बेंडला (सूर वर-खाली वाकवणाऱ्या मिडी संदेशाला) मध्यापासून वर-खाली सुमारे 8192 पायऱ्या असतात आणि बहुतेक वाद्यांची मूळ रेंज दोन सेमीटोन (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) असते. म्हणजे सा ते शुद्ध गंधार, हे चार सेमीटोनचं अंतर, त्यात मावतच नाही. वाद्याच्या प्लगइनमध्ये (आवाज देणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरमध्ये) रेंज 12 करा; मग एका सेमीटोनला साधारण 683 पायऱ्या येतात. बेंडच्या बिंदूंमधली रेषा बेझियर (वक्र) प्रकारची केली की सूर पायऱ्या न चढता वळतो. पुढची नोट सुरू होण्याआधी बेंड शून्यावर आणायचं राहिलं, तर तिथून पुढचं सगळं बेसूर वाजतं. नव्या माणसाचा सर्वाधिक वेळ याच एका दोषाच्या शोधात जातो.

दुसरा नेहमीचा त्रास लटकलेल्या नोटांचा. सस्टेन पेडल (सूर लांबवणारं पेडल) म्हणजे मिडीतला सीसी (कंट्रोल चेंज) संदेश क्रमांक 64. या संदेशाची किंमत 64 किंवा जास्त असेल तर पेडल दाबलेलं. पेडल खाली असताना आयटम (ट्रॅकवरचा मिडीचा तुकडा) कापला, की सोडल्याची घटना कापलेल्या भागात राहते आणि सूर चालूच राहतो. कापाच्या अलीकडे 0 किमतीची घटना हाताने टाकली की प्रश्न मिटतो.

आयटमची कड ओढली की रिकामी जागा वाढण्याऐवजी आतलं संगीत पुन्हा पहिल्यापासून वाजू लागतं, कारण ‘लूप सोर्स’ (आतलं संगीत पुन्हा पुन्हा वाजवण्याचा पर्याय) सुरुवातीपासून चालू असतं. एफ2 दाबून ते बंद करा.

स्वरलेखनाच्या दृश्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. वादकांच्या हाती द्यायची पानं छापायची असतील, तर मिडी फाइल निर्यात करून ती म्यूझस्कोर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावी, आणि निर्यातीपूर्वी एका प्रतीवर 100 टक्के क्वांटाइझ करावं. नाहीतर पान बत्तिसाव्या-चौसष्टाव्या नोटांनी भरून जातं.